शहाळ्याचं पाणी

उमरभाटच्या मेलेल्यांना त्या वर्षी भलतीच मागणी आली. जिवंतपणी ज्यांना कुणी धड हाक मारली नव्हती, त्यांच्या हाडांची चौकशी करायला आता कॅनडाहून फोन येत होते.

कारण साधं होतं. समुद्र आत येत होता. सरकारने वसईच्या किनाऱ्याला मोठा बांध घालायचं ठरवलं आणि नकाशावर एक लाल रेघ ओढली. रेघेच्या आतलं वाचणार, बाहेरचं जाणार. उमरभाट बाहेर राहिलं. तीनशे घरं, केळीच्या वाड्या, शाळा आणि पोर्तुगीज अमदानीतलं चर्च. माणसांसाठी पंधरा किलोमीटर आत वसाहत उभी राहिली, तिथंच नवं चर्च झालं. राहता राहिले मेलेले. चर्चच्या फरशीखाली आणि मागच्या सिमेंटरीत चारशे वर्षांत पुरलेली माणसं भरतीच्या पाण्यात सोडून जायला गाव तयार नव्हतं. म्हणून त्यांना काढायचं, ओळखायचं आणि सोबत न्यायचं ठरलं.

हे काम डॉ. सबीना तुस्कानो हिच्याकडे आलं. वय बावन्न, त्यातली तीस वर्षं उत्खननात गेलेली, आणि मुळात उमरभाटचीच मुलगी. गावाला वाटलं, घरचं माणूस आहे, जपून हात लावील. सबीनाला वाटलं, हे दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडलं असतं तर बरं झालं असतं. पण नाही म्हणायला काही सबब नव्हती, म्हणून तिने काम घेतलं.

हाडांना नाव देणारं यंत्र चर्चच्या वस्त्रागारात बसवलं होतं, जिथं पूर्वी फादरांचे झगे टांगलेले असत. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक त्याला ओळखयंत्र म्हणत. आपल्या प्रत्येक पेशीत आईबापांकडून आलेला, चार अक्षरांत लिहिलेला एक लांब धागा असतो, हे आता शाळेतली मुलंही सांगतात. माणूस मेला की तो धागा तुटायला लागतो. थंड देशात हळू तुटतो, कोकणच्या दमट मातीत भराभर. त्यामुळे किनाऱ्यावरच्या जुन्या हाडांतून पूर्वी काही हाती लागत नसे. नव्या यंत्राने अगदी वीस-वीस अक्षरांचे तुकडेही वाचायला सुरुवात केली आणि असे लाखो तुकडे एकमेकांना जुळवून मूळ धागा पुन्हा मांडला. त्यासाठी लागे कानाच्या आतल्या हाडाची चिमूटभर पूड, कारण शरीरात त्याच्याइतकं घट्ट हाड दुसरं नाही. हाडच नसेल तर नुसती मातीही चाले. शरीर कुजताना धाग्याचे तुकडे मातीच्या कणांना चिकटून बसतात, ते यंत्र सोडवून घेई.

दुसऱ्या बाजूला, आरोग्यपत्राच्या निमित्ताने देशातल्या जवळपास सगळ्या जिवंत माणसांचे धागे सरकारकडे नोंदलेले होतेच. यंत्र दोन्ही ताडून सांगे, हे हाड अमक्याच्या खापरपणजीचं. मग बहात्तर तास तो निकाल कच्चा राही. तेवढ्यात उत्खननाच्या प्रमुखाने हरकत घेतली नाही, तर सगळ्यात जवळच्या नातलगाच्या फोनवर आपोआप संदेश जाई आणि मागून शिक्क्याचा कागद येई.

या संदेशांनी गावात बहार उडवून दिली. तीन पिढ्या एकमेकांच्या दारावरून न बघता जाणारी दोन घरं एकाच पणजोबाची निघाली. आपण पोर्तुगीज कप्तानाचे वंशज आहोत असं वर्षानुवर्षं सांगणारे लिक्सन मास्तर शेजारच्या कोळीवाड्यातले ठरले. चार दिवस ते घराबाहेर पडले नाहीत, पाचव्या दिवशी कागद चौकटीत घालून भिंतीला लावला. काही झालं तरी तो शिक्क्याचा कागद होता.

आणि सबीनाची आई नतालीन फोन मांडीवर घेऊन ओटीवर बसायची.

“माझा मेसेज कधी येईल गो बाय?” ती रोज विचारायची.

“येईल, आय. अजून कुंपणाबाहेरचं काम सुरू नाय झालं.”

नतालीन अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. वसाहतीतल्या घराची किल्ली सहा महिन्यांपूर्वीच मिळाली होती. ती किल्ली तिने पाटावर ठेवून दिली होती आणि हातसुद्धा लावला नव्हता. गावातली दोनशे ऐंशी घरं रिकामी झाली. नतालीनचं म्हणणं एकच होतं, “माझं पोर इथं आहे. त्याला घेतल्याबिगर मी हलणार नाय.” भरतीचं पाणी वाडीच्या पाटात शिरून केळी पिवळी पडली तरी ती हलली नाही. पावसाळ्यात तिथं राहणं म्हणजे बुडणं, हे सबीनाला दिसत होतं. आईला उचलून नेणं तिच्याच्याने होणार नव्हतं आणि सोडून जाणंही.

ते पोर म्हणजे सबीनाच्या आधीचा मुलगा. तो घरीच जन्मला आणि नऊ दिवस जगला. बाप्तिस्मा पुढच्या रविवारी ठरला होता, कारण धर्ममाता मस्कतहून यायची होती. नवव्या दिवशी दुपारी पोर निळं पडायला लागलं. अशा वेळी फादरांची वाट पाहायची नसते. घरातल्या कुणीही डोक्यावर पाणी ओतून ठरलेले शब्द म्हटले की बाप्तिस्मा होतो. सबीनाच्या बापाला, बस्त्यावला, हे पक्कं ठाऊक होतं, कारण तो चर्चचाच माणूस. घंटा वाजवणं, वेदीपुढचा दिवा लावणं, फरशीची डागडुजी, सगळं त्याच्याकडे. त्याने हंडा पाहिला, तो रिकामा. विहिरीचं पाणी मचूळ. आयुष्यात एकदाच मिळायचं ते पाणी पोराच्या टाळूवर खारट कसं घालायचं, असं त्याला वाटलं. बाळंतिणीसाठी फोडलेलं शहाळं समोर होतं. त्याने ते उचललं, शब्द बरोबर म्हटले आणि ओतलं. पोर त्याच्या हातातच गेलं.

त्या वेळचे फादर सिल्व्हेस्टर जुन्या वळणाचे. त्यांनी विचारलं, “पाणी कसलं घेतलंस?”

“शहाळ्याचं पाणी, फादर.”

“ते पाणी नव्हे. तो फळाचा रस.”

“आपल्यात त्याला पाणीच म्हणतात, फादर.”

“आपल्यात म्हणत असतील. विहिरीतलं ओतलं असतंस, खारं का होईना, तरी चाललं असतं.”

म्हणजे बाप्तिस्मा झालाच नाही. म्हणून सिमेंटरीत जागा नाही आणि पुस्तकात नावही नाही. पोराला कुंपणाबाहेर भेंडीच्या झाडाखाली पुरायचं. रोममध्ये तोवर नियम मवाळ झाले होते म्हणतात. ते उमरभाटला पोचायला फादर सिल्व्हेस्टर जावे लागले. बाळंतिणीने बाहेर पडायचं नसतं, म्हणून बस्त्याव एकटाच गेला. तेव्हापासून पंचावन्न वर्षं नतालीन त्या भेंडीखाली जात होती. मेणबत्ती, अबोलीची वेणी, कधी नुसतीच बसून पोराशी बोलणं. त्याला जन्माचा दाखला नव्हता, मरणाचा नव्हता, नावही नव्हतं. एक झाड होतं.

लहानपणी सबीनाला बापाचा राग यायचा. ज्यांनी तुझ्या पोराला बाहेर ठेवलं त्यांच्या घंटा कशाला वाजवतोस, असं तिने एकदा तोंडावर विचारलं होतं. बस्त्याव किल्ल्या उचलून घंटा वाजवायला निघून गेला होता. बारा वर्षांपूर्वी तो वारला, तोपर्यंत एक दिवस न चुकता तो पहाटे चर्चमध्ये जात राहिला.

वेदीपुढच्या शिळेखाली दोना माफाल्दाची कबर होती. या बाईने चारशे वर्षांपूर्वी आपले दागिने मोडून चर्च बांधलं, अशी गावाची श्रद्धा. तिची शिळा कधी कुणी हलवली नाही, असं आताचे फादर ग्रेगरी पाहुण्यांना अभिमानाने सांगत. सबीनाने गुडघ्यांवर बसून शिळेच्या कडा ब्रशने साफ केल्या तेव्हा तिला तीन बाजूंना चुना दिसला आणि चौथीला सिमेंट.

“उघडलीय कुणीतरी,” शेजारी बसलेली वैखरी म्हणाली. वैखरी सबनीस यंत्र चालवायची. तिशीतली, हुशार, दोन वर्षांपूर्वीच नोकरीत कायम झालेली. “चोर असतील का, मॅडम?”

“चोर सिमेंट लावून जात नाहीत.”

शिळा बाजूला झाली. उघडलेल्या कबरी सबीनाने पुष्कळ पाहिल्या होत्या. लुटलेल्या कबरीत हाडं विस्कटलेली असतात, हात घालून उपसलेली. इथं तसं नव्हतं. दोना माफाल्दा उताणी नीट झोपलेली होती. फक्त तिच्या डाव्या हाताची हाडं मूळ जागेवरून उचलून बाहेरच्या बाजूला कोपरात वाकवून ठेवली होती. ज्याने ठेवली त्याने एकही हाड उलटं लावलं नव्हतं. आणि त्या कोपराच्या आत, बरगड्यांना टेकून, लाल चौकड्यांच्या कापडाचं एक कुजकं गाठोडं होतं.

कापड सबीनाने ओळखलं. गावातल्या बायका नेसत त्या लुगड्याचा तो तुकडा होता. आत काय असणार हे तिला गाठोडं उघडण्याआधीच कळलं, आणि कुणी ठेवलं तेही. चर्चच्या किल्ल्या एकाच माणसाकडे असत. कामाची सवय म्हणून तिचे हात चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्राने निकाल दिला. कोवळ्या दाताच्या कोंबात जन्माच्या वेळी एक रेघ उमटते आणि पुढे जगलेल्या प्रत्येक दिवसाची एकेक बारीक रेघ पडत जाते. वैखरीने पडद्यावर त्या मोजल्या. नऊ होत्या. खाली यंत्राने लिहिलं होतं, मुलगा. बाप, बस्त्याव तुस्कानो, मयत. आई, नतालीन तुस्कानो, हयात. सख्खी बहीण, सबीना. आणि नावाची चौकट रिकामी.

वैखरीने एकदा सबीनाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “मॅडम, तीन दिवसांनी आजींना संदेश जाईल.”

सबीनाच्या डोळ्यांपुढे तो संदेश उभा राहिला. ओटीवर फोन वाजेल. आपल्या अपत्याचे अवशेष चर्चच्या वेदीपुढील कबरीत आढळले आहेत. आणि नवऱ्याचं नाव निघालं की अजूनही पदर डोळ्याला लावणारी बाई त्या क्षणी काय वाचेल, तर मरेपर्यंत तो आपल्याला रिकाम्या झाडाखाली रडताना बघत राहिला. सबीनाला बापाचा अभिमान वाटला आणि त्याच दमात चीडही आली. एवढी मोठी गोष्ट त्याने केली आणि सांगितली नाही. आता सांगायचं ओझं तिच्यावर टाकून तो निघून गेला होता.

“नमुना दूषित झाला असं लिही,” ती म्हणाली. “माझा घाम पडला त्यात. गरमीने मास्क काढला होता मी.”

“मॅडम, तीस वर्षांत तुमचा एक नमुना खराब झालेला नाही.”

“आता झाला.”

“तुमच्या घामात मुलगा कुठून येईल?” वैखरीने पडद्यावर बोट ठेवलं. “कुणी तपासलं तर पहिल्या मिनिटात कळेल.”

“कच्चा निकाल पुसला की तपासायला काही राहत नाही. नियमच आहे तसा. दोन सह्या लागतात, एक माझी, एक तुझी.” सबीनाला स्वतःचाच आवाज परका वाटला. “तुला जमत नसेल तर सांग. मी रागावणार नाही.”

वैखरीला जमत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी तिने सही केली. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती, कदाचित म्हणून असेल. पूड संपली होती, निकाल पुसला गेला. लुगड्याच्या तुकड्यासह ती इवली हाडं ‘ओळख न पटलेली’ म्हणून दोना माफाल्दाच्याच पेटीत गेली. फादर ग्रेगरींनी प्रार्थना म्हटली, पेटीला लाख लावली, सरकारी मोहोर उठली. ती पेटी आता नव्या वेदीखाली जाणार होती. मोहोर तोडायची तर कोर्टाची परवानगी लागे. सबीनाने स्वतःशी म्हटलं, पोर आत राहिलं, आय सुखात राहिली, बाचं गुपितही राहिलं. त्या संध्याकाळी तिला खरंच हलकं वाटलं.

आता फक्त भेंडीखालचं नाटक उरलं होतं. तिने आईला सांगितलं, उद्या तुझ्या पोराला काढू.

सकाळी नतालीन लग्नकार्याला नेसायचं लुगडं नेसून आली आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. सबीनाने एकटीने खणायला घेतलं. आत काही नाही हे ठाऊक असताना तिने पाच तास खणलं, थर पाडले, चाळणीने माती चाळली. आई एकेका चाळणीकडे मान पुढे करून बघायची. शंख निघाले, कौलाचे तुकडे निघाले, भेंडीची मुळं निघाली.

शेवटी सबीना कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “आय, खारी वाळू आहे ही. तान्ह्या पोराची हाडं हिच्यात टिकत नाहीत. विरघळून मातीच झाली. ही माती घेऊ आपण, पेटीत भरू, तिकडे नीट पुरू.”

नतालीनने मान हलवली. “बरं. मग घाल ती यंत्रात.”

“माती?”

“तूच सांगितलंस ना टीव्हीवर. हाड नसलं तरी माती सांगते कोण होतं म्हणून. मी तीनदा पाहिला तो कार्यक्रम.” म्हातारी खुर्चीतून उठली, वाकली आणि तिने मूठभर वाळू पुढे केली. “हाडं नकोत मला. मेसेज येऊ दे.”

सबीना त्या मुठीकडे बघत राहिली. तिला आणखी एक खोटं सुचत होतं, त्याच्या पुढचंही सुचत होतं. यंत्र नादुरुस्त आहे म्हणता आलं असतं. मग दुरुस्त कधी होणार, असं आईने रोज विचारलं असतं, पाणी ओटीला लागेपर्यंत. ती वाळूतच बसली आणि सांगून टाकलं. शिळा, सिमेंट, दोना माफाल्दाचा हात, सगळं.

सगळं ऐकून नतालीन म्हणाली, “आत होता?”

“आत. वेदीपुढं.”

“कशात गुंडाळलेला?”

“लाल लुगड्याच्या तुकड्यात.”

“माझं लग्नाचं.” नतालीन म्हणाली. “अर्धं फाडून नेलं कुणी म्हणून मी तुझ्या बाच्या बहिणीशी भांडले होते. दोन वर्षं बोलले नाय तिच्याशी. तो सगळं ऐकत जेवत बसायचा.”

सबीनाला वाटलं, आता ती रडेल. ती रडली नाही. तिच्या आवाजाला धार आली, जी सबीनाने जन्मात ऐकली नव्हती.

“म्हणजे तुझा बा रोज पहाटे पोराजवळ जायचा. चाळीस वर्षं. दिवा लावायचा, तिथंच उभा राहायचा. आणि मी इथं, भेंडीच्या मुळाशी गप्पा मारत.”

“तुला सांगितलं असतं तर...”

“तर मी शिळेवर जाऊन पडले असते. उठवायला चार माणसं लागली असती. गावाला कळलं असतं, पोराला परत बाहेर काढलं असतं. माझ्या पोटात काय राहत नाय हे त्याला ठाऊक होतं.” तिने हातातली वाळू खाली सोडली आणि पदराला हात पुसला. “बरोबर केलं त्याने. मी त्याला कधी माफ करणार नाय.”

दुपार चढत होती. बांधाच्या बाजूने यंत्रांची घरघर येत होती. नतालीनने विचारलं, “कागद कुठाय?”

“कसला?”

“तुमचं यंत्र देतं तो. लिक्सन मास्तरांनी लावलाय ना भिंतीला. त्यात लिहितात ना, ह्याची आय कोण ते. माझं नाव होतं त्यात?”

“होतं.”

“तो दे मला. मग चल, आज म्हणशील तर आज निघते. इथं आता कशाला राहू?”

सबीनाने किती तरी वेळा मेलेल्यांच्या नातलगांशी बोलणं केलं होतं. कसं सांगायचं याचं ती नव्या मुलांना शिकवायची. या वेळी ती हाताची वाळू झाडत राहिली.

“नाय तो, आय. मी पुसला.”

“का?”

“तुला कळू नये म्हणून.”

नतालीनने तिच्याकडे पाहिलं. “दोघंही सारखीच तुम्ही,” ती म्हणाली. “परत काढ.”

सबीनाने समजावून सांगितलं. एका कानाचं हाड पूड होऊन संपलं, दुसरं मोहोरबंद पेटीत आहे. पेटी उघडायची तर कोर्टापुढे लिहून द्यावं लागेल की निकाल मुद्दाम पुसला. “माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण त्यावर वैखरीची सही आहे. तिची नोकरी जाईल, वर खटला होईल. माझ्यापायी केलं तिने.”

“ती पोर? मला शिरा आणून देते ती?”

“हो.”

“नको मग,” नतालीन म्हणाली. तिने खुर्ची स्वतःच उचलली आणि घराकडे चालायला लागली. सबीना मागून खुर्ची घ्यायला गेली, तर तिने ती दिली नाही.

चार दिवसांनी त्यांचं सामान टेम्पोत चढलं. नतालीनने पाटावरची किल्ली उचलून कनवटीला लावली होती. चार दिवसांत ती सबीनाशी कामापुरतं बोलली होती, रागाने नव्हे, पाहुण्याशी बोलावं तसं. सबीनाने तेही गोड मानून घेतलं. आय वाचली, एवढं एक तिने धरून ठेवलं होतं.

शाळेच्या पटांगणात मंडप घातला होता. वसाहतीत जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तिथं शेवटची नोंद करायची. नव्या सिमेंटरीत कोणत्या घराला किती जागा राखायच्या, ते त्यावरून ठरणार होतं. टेबलामागे एक तरुण कारकून हातात टॅब घेऊन बसला होता. पलीकडे वैखरी चर्चच्या पेट्या मालमोटारीत चढवून घेत होती. एकेका पेटीचा क्रमांक मोठ्याने वाचायची आणि यादीवर खूण करायची. सबीनाला पाहून तिने हात हलवला.

“नाव?” कारकुनाने विचारलं. नतालीनने सांगितलं.

“नवरा?”

“बस्त्याव. वारले. बारा वर्षं झाली.”

“हयात आणि मयत मिळून मुलं किती, आजी?”

“दोन,” नतालीन म्हणाली.

कारकुनाने टॅबवर बोट सरकवलं. थांबला. पुन्हा सरकवलं. मुलगा भला होता, समजुतीच्या सुरात म्हणाला, “इथं एकच दिसतंय, आजी. दुसऱ्याची जन्माची नोंद नाही. मृत्यूची नाही, चर्चच्या पुस्तकातही नाही. उत्खननात पण तुमच्या नावावर काही आलेलं नाही.”

“मुलगा होता. नऊ दिवसांचा.”

“पुरावा काही?”

“हिला विचार,” नतालीन म्हणाली आणि बाजूला झाली. “हिने पाहिलाय त्याला.”

कारकुनाने वर पाहिलं आणि सबीनाला ओळखलं. तो अर्धवट उठून उभा राहिला. “मॅडम, तुम्ही सांगा तसं लिहितो. तुम्ही लिहून दिलंत तर पुरे आहे. फक्त उत्खननाच्या निकालाचा क्रमांक घालावा लागेल. दोन का?”

पलीकडे वैखरीचा आवाज थांबला होता. ती यादी छातीशी धरून इकडेच बघत होती. तिच्या पायाशी दोना माफाल्दाची पेटी होती, अजून न चढवलेली. आई कुणाकडेच बघत नव्हती. तिने कनवटीची किल्ली घट्ट धरली होती आणि ती थांबली होती, ओटीवर मेसेजची वाट बघत थांबायची तशी.

“एक,” सबीना म्हणाली.

कारकुनाने एक लिहिलं. “आजी, अंगठा,” तो म्हणाला आणि टॅब पुढे सरकवला. नतालीनने पदराने अंगठा पुसला आणि काचेवर टेकवला.